एकट्याचा धंदा, तीन दफ्तरे

संध्याकाळच्या वेळी आपल्या गावच्या बाजारपेठेतून एक फेरी मारून या. कपडे शिवणारा शिंपी, घड्याळे दुरुस्त करणारा कारागीर, तसबिरींना चौकटी करून देणारा, घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू. असे कितीतरी लोक तुम्हांला भेटतील, की ज्यांच्या धंद्यात मालकही तेच आणि नोकरही तेच. दुकान उघडायचे त्यांनी, झाडायचे त्यांनी आणि गिऱ्हाइकाशी दोन गोड शब्दही बोलायचे त्यांनीच. अशा माणसाला आपण कौतुकाने म्हणतो, 'तुमचं बरं आहे बुवा, डोक्यावर साहेब नाही!' गोष्ट खरी आहे. पण त्याच्या हाताखाली कारकूनही नाही, हे आपण विसरतो; आणि पुष्कळदा तो स्वतःही विसरतो.

वाचकहो, आज आपल्याला बोलायचे आहे ते या नसलेल्या कारकुनाविषयी. हाताला उत्तम कसब आहे, गिऱ्हाईक दाराशी उभे आहे, दिवसाचे बारा तास काम चालले आहे, आणि तरीही महिनाअखेर हातात काही राहत नाही, अशी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांचे काम बुडत नाही, त्यांचा कागद बुडतो. बिल करायचे राहते, उधारी विसरली जाते, कराची तारीख टळते, गिऱ्हाइकाला दिलेला वायदा ध्यानात राहत नाही. प्रत्येक गोष्ट लहानच. पण टाकीच्या तळाला बारीक भोक पडावे, तसे त्यातून पाणी वाहत राहते.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर फार चांगले सापडते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, तेव्हा राज्याचा कारभार आठ प्रधानांत वाटून दिलेला होता. त्यांतल्या तिघांकडे लेखणीचे काम होते. अमात्य, म्हणजे मुजुमदार, राज्याचा जमाखर्च पाही. सचिव, म्हणजे सुरनीस, पत्रे आणि सनदा तपासून पाही. आणि मंत्री, म्हणजे वाकनीस, रोज काय घडले याची नोंद ठेवी. पैसा, कागद आणि रोजचा वृत्तांत, अशी ही तीन दफ्तरे. राज्य मोठे असो की दुकान लहान, कारभाराची ही तीन अंगे काही चुकत नाहीत. फरक इतकाच, की एकट्याच्या धंद्यात अमात्य, सचिव आणि मंत्री हे तिघेही एकाच खुर्चीवर बसतात, आणि ते रोज बसतात की नाही हे विचारायला कोणी नसते.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. समजा, कृष्णाकाठच्या एखाद्या तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्या हा कारागीर पुन्हा भरून देतो. दुकानात तो एकटा. उन्हाळ्यात पंप रात्रंदिवस चालतात, विजेचा दाब कमी-जास्त होतो, आणि जळालेल्या मोटारींची दारात रांग लागते. ऊस वाळत असतो, म्हणून प्रत्येकाला मोटार आजच हवी असते. पैसे मात्र कारखान्याचे ऊसबिल आल्यावर मिळतात!

आता गंमत पाहा. या कारागिराजवळ एक वही हमखास असते. जुनी मोटार उघडली, की तो तिची माहिती त्यात लिहून घेतो: स्लॉट किती, तारेचे गेज कोणते, एका कॉइलला टर्न किती, जोडणी कशी. ही नोंद केल्याशिवाय तो जुनी तार काढत नाही. का? कारण त्याला पक्के ठाऊक असते, की टर्न चुकले तर मोटार पुन्हा जळणार. वीस वर्षांचा अनुभव असला तरी तो टर्नच्या बाबतीत स्मरणशक्तीवर विसंबत नाही. पण हाच मनुष्य कोणाकडून किती येणे आहे, हे मात्र डोक्यात ठेवतो! तारेचा हिशेब कागदावर आणि पैशाचा हिशेब डोक्यात, हे उलटे शास्त्र झाले. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे: जो काटेकोरपणा तुम्ही तुमच्या कसबात पाळता, तोच कागदात पाळा. नवे काही शिकायला नको. जी सवय हाताला आधीच आहे, ती फक्त दुसऱ्या वहीपर्यंत न्यायची आहे.

पहिले दफ्तर मंत्र्याचे घेऊ, कारण काम दारात येते तेव्हाच ते उघडावे लागते. मोटार दुकानात आली, की तिला क्रमांक द्यायचा. पत्र्याचे बिल्ले करून त्यांवर आकडे ठोकून ठेवावेत. कागदाची चिठ्ठी तेलात, पाण्यात आणि वार्निशात टिकत नाही. तोच क्रमांक आवक वहीत. त्यापुढे तारीख, नाव, गाव, मोबाईल क्रमांक, मोटार किती हॉर्सपॉवरची, बिघाड काय, सोबत केबल किंवा स्टार्टर आला आहे का, किती खर्च सांगितला आणि कोणत्या दिवशी देण्याचे कबूल केले. एवढी एक ओळ. लिहायला दोन मिनिटे लागतात. गिऱ्हाइकाच्या समोरच लिहा. त्यालाही विश्वास वाटतो.

या ओळीत दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या. पहिली, जुने तांबे. मोटारीतून निघालेली जळकी तार कोणाची, यावरून जितके वाद होतात तितके मजुरीवरून होत नाहीत. जुनी तार काट्यावर घालून वजन लिहा, आणि ती परत देणार की बिलातून वजा करणार हेही तिथेच लिहा. दुसरी गोष्ट, अंदाज. तांब्याचा भाव सारखा बदलतो. म्हणून अंदाज सांगताना 'आजच्या तांब्याच्या भावाने' हे शब्द लिहायला विसरू नका. तीन शब्द लिहिलेले असले, की पुढची तीन तासांची हुज्जत वाचते.

वायद्याची तारीखही अशीच. एकट्या माणसाला सर्वांत जास्त छळते ती 'झाली का हो मोटार?' ही विचारणा. टर्न मोजता मोजता फोन वाजतो, मोजणी विसरते, कॉइल पुन्हा धरावी लागते. यावर उपाय असा, की फोनवर उत्तरे देण्याची वेळ ठरवून टाकायची. दुपारी जेवणानंतर अर्धा तास आणि संध्याकाळी सहानंतर. ज्यांची मोटार उशिरा होणार आहे त्यांना आपणच त्या वेळात कळवायचे. ज्याला आपण आधी सांगतो तो रागावत नाही. ज्याला विचारायला लागते तो रागावतो. हा मनुष्यस्वभाव आहे.

दुसरे दफ्तर अमात्यांचे, म्हणजे पैशाचे. आपल्याकडे याची फार जुनी शिस्त आहे. रोजचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने लिहायची ती रोजकीर्द, आणि त्यातून माणसामाणसाचे खाते वेगळे काढायचे ती खतावणी. पेशव्यांच्या कारभाराच्या रोजकीर्दी आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात जपून ठेवलेल्या आहेत. कॉलेजात आम्ही मुलांना द्विनोंदी पद्धत शिकवतो; ती चांगलीच आहे. पण एकट्या कारागिराला तिची घाई नाही. त्याने रोजकीर्द आणि उधारीची खतावणी या दोनच वह्या नीट ठेवल्या तरी पुष्कळ झाले.

रोजकीर्द दुकान बंद करताना लिहायची. समजा, सकाळी गल्ल्यात ८०० रुपये होते. दिवसभरात रोख २,४०० आले. तार आणि वार्निश यांना १,१०० गेले, घरी ५०० दिले. तर गल्ल्यात १,६०० हवेत. मोजले तर १,४५० निघाले! दीडशे रुपये कुठे गेले? त्याच संध्याकाळी विचार केला तर आठवते, की दुपारी टेम्पोवाल्याला दिले होते. आठ दिवसांनी विचार केला तर ब्रह्मदेवालाही आठवणार नाही. रोजकीर्द रोज लिहायची ती याचसाठी. आठवड्याची एकदम लिहिली तर ती कीर्द होत नाही, कादंबरी होते.

कोणी म्हणेल, 'आता सगळे पैसे मोबाईलवर येतात. दारातली पेटीच ओरडून सांगते किती आले ते.' बरोबर आहे. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आज भाजीवाल्याकडेही त्याचा चौकोन लावलेला असतो. पण पेटी पैसे आले एवढेच सांगते. ते कशाचे आले हे सांगत नाही. ते कोणत्या मोटारीचे, पूर्ण की अर्धे, मजुरीचे की तारेचे, हे तुम्हीच लिहायला हवे. आणि त्या खात्यात बायकोच्या भिशीचे, मुलाच्या फीचे आणि मेहुण्याने परत केलेले पैसेही येत असतील, तर वर्षअखेर कोणी काही सांगू शकणार नाही. म्हणून धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा.

हा मुद्दा जरा नीट समजून घ्या. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला कायदा वेगळे अस्तित्व देत नाही. तुमचे आणि दुकानाचे पॅन एकच, दुकानाचे कर्ज ते तुमचे कर्ज. कायदा भिंत घालत नाही, म्हणूनच ती आपण घालायची. दर सोमवारी ठरावीक रक्कम घरखर्चाला उचलायची आणि रोजकीर्दीत 'मालकाची उचल' म्हणून लिहायची. गल्ल्यात हात घालून लागेल तसे काढले, तर धंदा घर चालवतो आहे की घर धंद्याला खाते आहे, हे कधी कळत नाही.

आता बिल. काम ज्या दिवशी गेले त्याच दिवशी बिल. 'ओळखीचा आहे, नंतर लिहू' हा या धंद्यातला सर्वांत महाग शब्द. हिशेब करून पाहा. महिन्याला अशी किरकोळ तीन कामे, बुश बदलणे, बेअरिंग घालणे, प्रत्येकी ७०० रुपयांची, लिहायची राहून गेली, तर वर्षाचे २५,२०० रुपये होतात. हे पैसे कोणी चोरले नाहीत, कोणी बुडवले नाहीत. आपण मागितलेच नाहीत.

उधारीच्या बाबतीत कायद्याचीही थोडी ओळख हवी. उसाच्या पट्ट्यात उधारी टळत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. पण ते पैसे शेतकऱ्याच्या हाती येऊन आपल्या दुकानापर्यंत पोहोचायला किती काळ जाईल हे सांगता येत नाही. म्हणून उधारी वयाप्रमाणे मांडावी: महिन्याच्या आतली, तीन महिन्यांची, वर्षाची आणि त्यापलीकडची. कारण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, विकलेल्या मालाची किंमत किंवा केलेल्या कामाची मजुरी कोर्टातून वसूल करायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती उलटली, की येणे कितीही खरे असले तरी दावा चालत नाही. मात्र मुदत संपण्याच्या आत देणेकऱ्याने 'अमुक कामापोटी अमुक रक्कम देणे आहे' असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. तेव्हा दोन वर्षे झालेली उधारी दिसली, की भांडायला जाऊ नका. खतावणी घेऊन जा आणि चहा पिता पिता सही घेऊन या. कोर्टात जायची वेळ बहुधा येतच नाही. सहीच माणसाला पैशाची आठवण करून देते.

आणखी एक. नुसती आपल्या वहीतली नोंद कोर्टात पुरेशी होत नाही. नियमितपणे लिहिलेल्या हिशेबाच्या वह्या पुराव्यात घेतल्या जातात, पण त्यांच्या एकट्या जोरावर दुसऱ्यावर बोजा ठेवता येत नाही. हा जुना नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणून मोटार परत नेताना आवक वहीत त्याच ओळीवर गिऱ्हाइकाची 'मिळाली' म्हणून सही घ्या. एका सहीने माल पोहोचल्याचा वाद संपतो.

गिऱ्हाईक जर एखादा कारखाना किंवा कंपनी असेल, तर लहान धंदेवाल्याच्या हातात एक चांगले हत्यार आहे आणि ते पुष्कळांना ठाऊक नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांचा कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागते. आणि त्यासाठी राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. पण यासाठी दोन गोष्टी हव्यात: काम घेण्याआधी केलेली उद्यम नोंदणी, आणि तारीख घातलेले बिल. बिलच नसेल तर दिवस मोजायचे कुठून?

इथून आपण तिसऱ्या दफ्तरात, म्हणजे सचिवांच्या कागदपत्रांच्या खोलीत आलो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते आणि तिला सरकारी फी नाही. कोणी फीच्या नावाखाली पैसे मागितले, तर ते त्याच्या मेहनतीचे समजा, सरकारचे नव्हे. दुकानाच्या कागदाला आपण अजून 'गुमास्ता' म्हणतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने एकट्याच्या लहान दुकानाला पूर्वीची नोंदणी नको, ऑनलाइन सूचना दिली की पुरते. पण त्या सूचनेची पावती जपून ठेवायला हवी, कारण बँक तीच मागते. व्यवसाय कराची नावनोंदणी झालेली असेल, तर वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. दुरुस्ती ही सेवा, म्हणून आपल्या कारागिराने २० लाखांवर लक्ष ठेवावे. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी आकारता येत नाही. आणि नोंदणी असेल, तर एखाद्या महिन्यात किंवा तिमाहीत एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी विवरणपत्र भरावे लागते. उशीर झाला की दिवसागणिक विलंबशुल्क चढते. पुष्कळ लोकांना दंड होतो तो कर चुकवल्याबद्दल नव्हे, तर शून्याचे विवरणपत्र न भरल्याबद्दल!

आयकरातही लहान माणसाला सोय आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लहान धंदेवाल्याला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेच्या मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के, निदान इतका नफा धरून विवरणपत्र भरता येते; सविस्तर हिशेबाची सक्ती राहत नाही. हे ऐकून कोणी वही मिटून ठेवील, तर त्याची फसगत होईल. कारण टक्के काढायचे ते उलाढालीवर, आणि उलाढाल सांगणार रोजकीर्द. शिवाय बँकेकडे नवे वाइंडिंग मशीन घ्यायला कर्ज मागायला गेलात, तर साहेब पहिला प्रश्न विचारतो तो विवरणपत्राचा आणि खात्याच्या उताऱ्याचा. तुमच्या हातातले कसब त्याला दिसत नाही, त्याला कागद दिसतो.

हे सगळे कागद ठेवायला लोखंडी कपाट नको. चार जाड फायली पुरेत. पहिलीत नोंदणीची पत्रे, दुसरीत खरेदीची बिले, तिसरीत आपल्या बिलांच्या प्रती, चौथीत बँक आणि कर. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण छापील पावत्यांची शाई वर्षभरात उडून जाते. जुनी दफ्तरे टाकून देण्याची घाई करू नका. जीएसटी नोंदणी असेल, तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे ७२ महिने कागद जपण्याचे बंधन आहे. आणि भिंतीवर जी दिनदर्शिका आहे, तिच्यावर वर्षाच्या आरंभीच लाल शाईने कराच्या आणि विम्याच्या तारखा लिहून टाका. एकादशी पाहताना त्याही दिसतील.

'हे सगळे करायला वेळ कुठला?' असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, म्हणून वेळेचाच हिशेब मांडू. रोज दुकान बंद करताना वीस मिनिटे: रोजकीर्द, राहिलेली बिले, उद्याची कामे. महिन्याच्या २६ दिवसांचे आठ तास चाळीस मिनिटे झाली. आठवड्यातून एक तास, सुट्टीच्या दिवशी सकाळी: रोजकीर्दीतून उधारी खतावणीत चढवणे आणि आठवणीचे निरोप पाठवणे. महिन्याला अर्धा दिवस: बँकेच्या उताऱ्याशी रोजकीर्द ताडून पाहणे, तारवाल्याचे देणे चुकते करणे, पुढच्या महिन्याच्या तारखा पाहणे. म्हणजे महिन्याला साधारण दोन दिवस. हे दोन दिवस कामातून गेले असे समजू नका. बाकीच्या चोवीस दिवसांची मजुरी हातात येते ती या दोन दिवसांमुळे.

वर्षाचे मोठे काम मात्र हंगाम पाहून करावे. आपण वही लक्ष्मीपूजनाला पुजतो. सरकारचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. रिवाइंडिंगच्या धंद्यात मार्च-एप्रिल म्हणजे ऐन घाई. तेव्हा ३१ मार्चच्या रात्री फक्त शिल्लक तार काट्यावर घालून वजन लिहा आणि गल्ला मोजा. बाकीची आवराआवर, फायली बांधणे, दर सुधारणे, जुनी उधारी पाहणे, हे आषाढात पाऊस सुरू झाल्यावर करा, तेव्हा पंप बंद असतात. शिंप्याचा निवांत काळ वेगळा, फराळवाल्या काकूंचा वेगळा. ज्याने त्याने आपला पाहावा.

मोबाईलवर हिशेबाची सोय असताना वही कशाला, असेही कोणी विचारील. जे हाताला सोपे वाटेल ते घ्या. तेलाच्या हाताला वही सोपी, तरुण मुलीला मोबाईल सोपा. मात्र दोन्हीकडे अर्धेअर्धे लिहू नका. आणि 'आमचे सीए बघतात सगळे' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की सीए बेरीज तपासतात. जे लिहिलेच नाही ते त्यांनी कुठून तपासायचे?

शेवटी, सर्वांत महत्त्वाचे. एकट्याच्या धंद्यात मालक आजारी पडला, की दुकान आजारी पडते. समजा, ऐन एप्रिलमध्ये आपला कारागीर डेंग्यूने दवाखान्यात पडला. दुकानात अकरा मोटारी आहेत. घरची माणसे कुलूप उघडतात. बाहेर शेतकरी उभे, त्यांचा ऊस वाळतो आहे. कोणती मोटार कोणाची? कोणती भरून झाली आहे? कोणाची अनामत आली आहे? तारवाल्याचे देणे किती? हे सारे जर तापाने फणफणलेल्या एका डोक्यात असेल, तर त्या घराला कोण मदत करणार? आणि बिल्ले लावलेले असतील, आवक वही गल्ल्याशेजारी असेल, तर त्याची बायको किंवा शेजारचा वेल्डर सुद्धा झालेल्या मोटारी देऊन, सही घेऊन, पैसे लिहून ठेवू शकेल.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक यादी लिहून ठेवा: बँक खाते कोणत्या शाखेत, विमा कोठे, कोणाचे देणे, कोणाकडून मोठे येणे, अडचणीत कोणत्या कारागिराला बोलवायचे, फायली कुठे. घरातल्या एका माणसाला ते पान दाखवून ठेवा. बँक खात्याला वारस नेमला आहे का, तेही याच निमित्ताने पाहून घ्या. हे अभद्र बोलणे नव्हे. ज्या घरासाठी आपण राबतो, त्या घराला आपला धंदा समजावा, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा मंडळी, आजच संध्याकाळी एक कोरी वही आणा. मागचे सगळे लिहून काढायच्या भानगडीत पडू नका. त्या ओझ्यानेच पुष्कळांची सुरुवात राहून जाते. आजची तारीख घाला, गल्ला मोजा आणि पहिली ओळ लिहा. मागची उधारी जशी आठवेल तशी नंतर चढवता येईल. महिनाभर ही वीस मिनिटे पाळून पाहा. तुमच्याकडे कारकून नाही हे खरे. पण तुमची वही रोज भरलेली असेल, तर त्याची उणीव फारशी भासणार नाही.